तांबड्या गाडीचे खूर

दानेश्वरीचं लग्न झालं ते साल. त्या लग्नात वाजंत्र्यांपेक्षा जास्त आवाज एका गाडीनं केला. गाडी आमच्या अमरेशची. अमरेश म्हणजे माझा नातू, दानेश्वरीचा थोरला भाऊ, बंगळुराला नोकरीला. बहिणीच्या लग्नासाठी तो कुरुंदवाडला आला तो तांबडी स्पोर्ट्स कार घेऊन. दोन दारं, दोनच माणसं बसणार, आणि उंची एवढी की आत शिरायचं तर आधी जमिनीला नमस्कार करावा लागतो. खालून कोंबडी गेली तरी मान वाकवून जायची!

लग्नात रत्नव्वाच्या, म्हणजे माझ्या बायकोच्या, जिवाला एक गोष्ट लागली. तिचं माहेर हद्दीपलीकडं, कर्नाटकात, सदलग्याला. तिची भावजय गिरिजव्वा चार बायकांत हसत हसत म्हणाली, "आमची रत्नव्वा सासरला गेली ती उसाच्या टायरगाडीतनं. नवरी कुठली आन् ऊस कुठला, वळखू येत न्हवतं."

गोष्ट खोटी नव्हती. लग्नाच्या वेळी माझ्याकडं एक टायरगाडी आणि एक बैलजोडी एवढंच होतं, आणि कारखान्याचा हंगाम चालू होता. पण पन्नास वर्षांनी ते उकरायचं काय कारण? रत्नव्वा तिथं हसली. घरी आल्यावर मला म्हणाली, "ह्या तांबड्या गाडीतनं एकदा मला अत्तिगेच्या दारात उतरायचं हाय. परत येताना एश्टीनं आलो तरी चालंल."

अत्तिगे म्हणजे भावजय. रत्नव्वानं माहेरचं कानडी लग्नानंतरही सोडलं नव्हतं. पण तिनं कधी नव्हे ते तोंड उघडून काही मागितलं म्हटल्यावर मीच दचकलो.

अमरेश एका पायावर तयार झाला. फक्त म्हणाला, टायर पार गुळगुळीत झालेत, आधी ते बदलू, मग अज्जीला नेतो. मी म्हटलं, टायर घ्यायला मी येणार. अक्षरं मला साठीनंतर आली, पण बैल आणि टायर मी त्याच्या कितीतरी आधीपासून वाचतोय. बैलाच्या बाजारात मला कोणी फसवलेलं नाही, आणि टायरगाडीचे टायर तर मी नुसत्या वासावर घेतलेत!

कोल्हापुरात उद्यमनगराच्या बाजूला कृष्णात नावाच्या माणसाचं दुकान होतं. त्यानं टायरच्या दोन जाती पुढं ठेवल्या. एक बारमाही. ऊन असो, पाऊस असो, थंडी असो, मुकाट चालणारा. दुसरा खास उन्हाळ्याचा, पळणाऱ्या गाड्यांसाठी केलेला. रबर मऊ, तापलेल्या डांबराला गोचिडीसारखा चिकटणारा, पण झिजायला घाई करणारा. अमरेशला काही ठरवता येईना. तो मोबाईलवर कुणाकुणाची मतं वाचत बसला. पोरगी बघायला गेलेला मुलगासुद्धा एवढा घोळ घालत नाही.

शेवटी मी पुढं झालो. बैलाच्या पुठ्ठ्यावर मारतात तशी टायरवर थाप मारली. अंगठ्याचं नख रुतवून बघितलं. वास घेतला. खाचांत बोट घालून दात बघायला लागलो तेव्हा अमरेश हळूच म्हणाला, "अज्जा, लोक बघाय लागल्यात."

"बघू देत. शिकतील."

कृष्णात मात्र गंभीर होता. "मग पावणं, कंचा घालायचा?"

"जो भर उन्हात जीभ काढत न्हाय तो," मी म्हणालो. "उन्हाळ्याचा."

निवड चुकली नव्हती, हे मी आजही सांगतो. चूक पुढं झाली. टायर बसवताना कृष्णात अमरेशला बजावत होता की नवा टायर सुरुवातीला सावकाश चालवायचा, आणि रस्त्याला टेकणाऱ्या भागाला तेल, पॉलिश, काही म्हणजे काही लावायचं नाही. हे मला नंतर कळलं. त्या वेळी मी समोरच्या गाड्यावर भजी खात होतो.

सदलग्याला जायचं ठरलं बेंदराच्या दिवशी. आमच्याकडं कर्नाटकी बेंदूर असतो, पावसाच्या तोंडावर येतो. सण बैलांचा, पण ट्रॅक्टर आल्यापासून आमच्या गोठ्यात बैल नाही. कित्येक बेंदरांना मी सकाळी उठून रिकाम्या गोठ्यात उगाच एक चक्कर मारून येतो. या वेळी मात्र गोठ्यात कोणीतरी उभं होतं! सावली म्हणून अमरेशनं गाडी तिथंच लावली होती, तोंड दाराकडं करून.

माझे हात शिवशिवायला लागले. बेंदराला बैलाचे खांदे हळद-तेलानं मळतात, शिंगं रंगवतात, खुरांना तेल लावतात. खूर कोरडं राहिलं तर बैल वर्षभर लंगडतो, असं माझा बाप सांगायचा. गाडीला शिंगं नव्हती, म्हणून आरशांना गोंडे बांधले. खांदा नेमका कुठला ते कळेना, म्हणून पुढच्या पत्र्यावर हळदीची बोटं ओढली. राहिले खूर. तांब्याभर एरंडेल घेतलं, त्यात हळद कालवली आणि चारी टायरांना चोळली. वरवर नाही, खाचाखाचांतून. जमिनीला टेकलेला भाग तेवढा राहत होता, तिथं वरून ओतलं. काम अर्धवट टाकायची मला सवय नाही.

तेवढ्यात रत्नव्वा आली. हिरवी इरकली, गळ्यात बोरमाळ, केसांत अबोली. नव्या चाकाखाली लिंबू ठेवायची रीत तिनंही सोडली नाही. चार चाकांखाली चार लिंबं! मग अमरेश आला. गोंडे बघून हसला, फोटो काढले आणि विचारलं, टायर पिवळे का दिसतात? मी म्हटलं, बेंदूर आहे. त्याला वाटलं, नुसती हळद.

गोठ्यात दारं पुरती उघडायला जागा नव्हती, म्हणून रत्नव्वा अंगणात बसणार होती. मीच तिला म्हटलं, तोवर मागं उभी राहा, शेपटाला हात लाव. सणाला बैल बाहेर काढताना आम्ही तसंच करत होतो.

अमरेशनं गाडी चालू केली. शेजारचं रेडकू दावं तोडून पळालं. लिंबं फट् फट् फुटली. चाकं गरागरा फिरायला लागली, पण गाडी जागची हलेना. अमरेशनं आणखी दाबलं. मग तेल, हळद आणि लिंबाचा रस यांचा एक पिवळाधमक फवारा मागं उडाला आणि रत्नव्वा डोक्यापासून पायांपर्यंत न्हाली. गोठ्याची फरशी एका अंगाला उतरती होती. गाडीनं तोंड दाराकडंच ठेवलं आणि बाजूबाजूनं, लाजल्यासारखी सरकत जाऊन जनावरांना पाणी पाजायच्या दगडी डोणीवर आदळली. त्या अंगाचे दोन्ही टायर फाटले. एक चाक कानवल्यासारखं वाकलं.

धूर झाला. तळणीचा वास सुटला. शेजारचा बाळासो आपले बैल सजवायचे सोडून पळत आला. त्यानं तेल बघितलं, हळद बघितली, फुटलेली लिंबं बघितली.

"आण्णा," तो म्हणाला, "मीठ तेवढं ऱ्हायलं."

अमरेश तसाच बसून होता. मला वाटलं, ओरडेल. ओरडला असता तर बरं झालं असतं. तो एवढंच म्हणाला, "अज्जा, कशाला?"

रत्नव्वानं पदरानं डोळे पुसले. पदरही पिवळा, डोळेही पिवळे. माझ्याकडं बघून म्हणाली, "पन्नास वर्सांनी परत हळद लावलीसा. आता वरात कशी काढणार, तेवढं सांगा."

वरात बाळासोच्या बैलांनी काढली. झुली घातलेले बैल पुढं, दोरखंडाला बांधलेली गाडी मागं. पोरांनी पिपाण्या वाजवल्या. डोणीपासून सोडवलेली गाडी पुन्हा गोठ्यातच विटांवर चढवली. टायर मिळाले असते, पण चाक परदेशातून यायचं होतं. अमरेश एश्टीनं बंगळुराला गेला.

मी रत्नव्वाला म्हटलं, बाळासोची जीप सांगतो, उद्याच जाऊ. ती म्हणाली, "जीपमधनं जाऊन अत्तिगेला काय दावू? थांबू की. सदलगा कुठं पळून चाललंय?"

मग दुपारची कामं आटोपली की ती त्या गाडीत जाऊन बसायला लागली. म्हणायची, पाठीला बरं वाटतं. मांडीवर सूप घेऊन शेंगा फोडायची. तिच्या शेजारी मी, चालवायच्या जागेवर. एकदा ती समोर बघत म्हणाली, "जरा डावीकडनं घ्या, म्हस हाय." मी चाक डावीकडं फिरवलं. तेवढ्यात तिचा फोन वाजला. गिरिजव्वाचा होता.

"व्हय, गाडीतच बसलोय बघ," रत्नव्वा म्हणाली. "ह्यांनीच चालवाय घेतल्या. रस्ता चांगला हाय."

मी हॉर्न वाजवला. आणखी काय करणार होतो?

तसे फोन बरेच झाले असावेत. प्रत्येक वेळी मी शेजारी नव्हतो. पुढं पाऊस लागला, तिला ताप भरला, आणि दवाखान्यातून ती घरी आली नाही. सदलग्याहून गिरिजव्वाच इकडं आली, मातीला. गोठ्याच्या दारात तिला विटांवरची गाडी दिसली.

"मागल्या सोमवारी म्हणाली, वेशीपातूर आलोय," गिरिजव्वा म्हणाली. "मी दारात रांगोळी घातलेली."

चाक त्याच आठवड्यात आलं. कृष्णातनं फोन करून विचारलं, आता पाऊस आहे, तर बारमाही टायर घालू का? मी म्हटलं, नको, उन्हाळ्याचाच घाल.

रत्नव्वा दोन हजार तेवीस सालच्या आषाढात, अमावास्येच्या आदल्या दिवशी, दुपारी वारली.