शेषराव गार्डांचा कॅमेरा

आमच्या शेजारचे शेषराव रिक्षात बसण्याआधी तिच्या मागे जाऊन लाल दिवा लागतो का ते बघतात. लागत नसेल तर बसत नाहीत. पूर्णेतले रिक्षावाले त्यांना लांबूनच ओळखतात आणि दुसरीकडे बघू लागतात.

शेषराव रेल्वेत गार्ड होते. सगळी नोकरी गाडीच्या शेवटच्या डब्यात गेली. शेवटी लाल दिवा दिसला म्हणजे गाडी अख्खी आहे, मधे कुठे तुटून राहिलेली नाही, हे त्यांच्या खात्यातलं पहिलं सत्य. निवृत्तीनंतर गाडी सुटली, दिवा सुटला नाही. दुसरी गोष्ट घड्याळाची. कुठलीही हकीकत ते वेळेत सांगतात. नातू कसा आहे विचारलं तर "चार सतराला झाला" म्हणतात. त्यांच्या पत्नी कौसल्याबाईंची पुरणपोळी कशी झाली होती, असं मी एकदा विचारलं. ते म्हणाले, "बारा दहाला."

त्यांच्या धाकट्या दीपाच्या लग्नाचा व्हिडिओ बघून तुम्ही दोघांनी फोनवर विचारलंत, आजी, सगळे दिसतात, मग मुलीचे वडील का नाही दिसत? फोनवर सांगण्यासारखं ते नव्हतं. क्रमाने लिहिते.

आपल्याकडे अक्षता पडताना मुलीची आई समोर थांबत नाही. आत तुळशीला पाणी घालत बसते. त्यामुळे थोरल्या मुलीचं लग्न बघायला कौसल्याबाईंना काय ती कॅसेटच होती. त्या तीन तासांच्या कॅसेटमध्ये निम्म्याहून जास्त सत्कार आहेत. कोणाला फेटा बांधला आणि कोणाचा राहून गेला, हे त्यात स्वच्छ दिसतं. अंतरपाट दूर होतो त्या क्षणी मात्र पडद्यावर तीन पाठी आहेत: एक सभापतींची, एक माजी सभापतींची आणि एक शूटिंगवाल्यासाठी दिवा धरणाऱ्याची. कौसल्याबाईंनी ती दोनदा पाहिली आणि कपाटावर ठेवून दिली. तक्रार केली नाही.

दीपाचं जमलं तेव्हा शेषरावांनी जाहीर केलं की स्टेजवर वरपक्षाचा शूटिंगवाला राहू द्या, आपला कॅमेरा आपण घेणार आणि तो हॉलच्या मागच्या टोकाला राहणार.

"लगीन मागूनच बराबर दिसतंय, बाई. पुढं समदे इंजनावरच चढायलेत."

कॅमेऱ्याची पुस्तिका इंग्रजीत असते आणि मी शाळेत इंग्रजी शिकवलेलं, म्हणून मला बरोबर नेलं. परभणीतली तीन दुकानं आणि नांदेडातली दोन आम्ही पाहिली. खरं म्हणजे ती दुकानं आम्हाला विसरणार नाहीत. शेषरावांच्या पिशवीत कुंकवाने रंगवलेल्या जोंधळ्याच्या अक्षता होत्या. दुकानदाराने कॅमेरा हातात दिला की ते मला दुकानाच्या दुसऱ्या टोकाला नवरी म्हणून उभं करत. वय बघू नका, अंतर बघा, असं दुकानदाराला समजावत. मग डाव्या हातात कॅमेरा धरून उजव्या हाताने त्याच्यासमोर जोंधळे उधळत.

"काका, काय करायलाव हे?" पहिल्या दुकानदाराने विचारलं. जोंधळे त्याच्या बिलाच्या मशीनमध्ये गेले होते.

"टेस्टिंग."

चेष्टा वाटेल, पण त्यात तथ्य निघालं. पहिल्या कॅमेऱ्याने मला सोडून उडत्या जोंधळ्यांकडे नजर वळवली. प्रत्येक दाणा सुरेख आला, नवरी धुक्यात गेली. "ह्याचं ध्यान जेवणावर हाय," म्हणत शेषरावांनी तो परत ठेवला. दुसऱ्याची पुस्तिका मी वाचली. तो अर्ध्या तासाच्या आत आपणहून बंद पडतो, असं बारीक अक्षरात लिहिलं होतं. तेवढ्यात आपल्याकडे स्वागताचं प्रास्ताविकसुद्धा होत नाही. तिसरा सगळ्यात भारी होता. पण चित्रण चालू असताना लाल दिवा लागत नाही, हाच त्याचा गुण म्हणून दुकानदाराने सांगितला आणि गिऱ्हाईक घालवलं.

चौथ्या दुकानदाराने दमून विचारलं, आता कॅमेरा कोण घेतंय काका, मोबाइलवर लय भारी येतंय की.

"अन् अक्षताच्या टायमालाच फोन आला तर?" शेषराव म्हणाले. "उचलायचा का लगीन लावायचं?"

शेवटी नांदेडच्या दुकानात, काचेच्या कपाटात बरीच वर्षं पडून राहिलेला एक हातात मावणारा जुन्या धर्तीचा व्हिडिओ कॅमेरा निघाला. जोंधळ्यांना तो बधला नाही. लाल दिवाही होता. दुकानदाराने पिशवीत घालून देताना केलेला नमस्कार मला जरा जास्तच मनापासूनचा वाटला.

मुहूर्त बारा एकोणचाळीसचा होता. पण पुढारी येईपर्यंत लग्न लागत नाही. हा लेट धरून बॅटरी पुरते का ते बघायला शेषरावांनी घरी भिंतीवरच्या घड्याळाचं चित्रण केलं. ते अडीच तासांचं चित्रण अजून जपून ठेवलेलं आहे. मी ते पूर्ण पाहिलेलं नाही.

लग्नाच्या दिवशी हॉलच्या मागच्या बाजूला टेबलावर कॅमेऱ्याचं तिकाटणं उभं राहिलं आणि शेजारी खुर्चीवर मी. कॅमेऱ्याला हात लावायचा नाही, फक्त लाल दिवा बघत राहायचं, लुकलुकायला लागला तर ताबडतोब त्यांना सांगायचं, एवढंच माझं काम. हिला दुसऱ्यांदा पाठी दाखवायच्या न्हाईत, असं ते सकाळीच म्हणाले होते. मला वाटलं, ही म्हणजे दीपा, आणि 'दुसऱ्यांदा' हे घाईत चुकून आलं. लग्न दीपाचं होतं आणि दीपाने पाठी कधी पाहिल्याच नव्हत्या.

सत्कार अपेक्षेप्रमाणे लांबले. तिसरं मंगलाष्टक चालू झालं आणि दिवा लुकलुकू लागला.

मी शेषरावांना शोधायला उठले. पहिल्या रांगेत ते नव्हते. स्टेजवर नवरीचा मामा होता, सभापती होते, वडील नव्हते. विचारत विचारत मी हॉलच्या मागच्या खोलीत गेले. तिथे कौसल्याबाई तुळशीच्या कुंडीसमोर तांब्या घेऊन बसल्या होत्या. शेजारी, नव्या कोटात आणि गुलाबी फेट्यात, सतरंजीवर मांडी घालून शेषराव.

दिवा लुकलुकतोय, म्हणून मी सांगितलं. ते उठले नाहीत. लुकलुकल्यावर अजून वीस मिनिटं चालतो, आपण तपासलंय, म्हणाले.

"बाई, तुमीच सांगा ह्यांला," कौसल्याबाई म्हणाल्या. "लोकं काय म्हणतील? बाप आत येऊन बसलाय. किती सांगायले, ऐकंनात."

शेषराव तांब्याकडे बघत राहिले. बाहेर चौथं मंगलाष्टक सुरू झालं. मग माझ्याकडे न बघता ते म्हणाले, "थोरलीच्या टायमाला ही हितं एकलीच होती. मी पुढं. आत आलो तर मला इचारती, कसं लागलं लगीन, पोरगी कशी दिसायली होती. मला सांगताच येईना, बाई. दोन बावीसला लागलं म्हणालो."

कौसल्याबाईंनी तांब्या उचलला. तुळशीत थोडं पाणी घातलं.

"आता दोघंबी संगंच बघू," ते म्हणाले. "तुमी जावा. दिव्यापाशी बसा."

मी जाऊन बसले. दिवा शेवटपर्यंत विझला नाही.

चार दिवसांनी त्यांच्या घरी कॅमेरा टीव्हीला जोडला. मला बोलावलं होतं. कौसल्याबाई अगदी पुढे बसल्या. शेषराव नेहमी दाराजवळच्या खुर्चीवर मागे बसतात, त्या दिवशी ते पुढे येऊन त्यांच्याशेजारी खाली बसले. अंतरपाट दूर झाला, जोंधळे उडाले, आणि त्या लाल पावसातून दीपाचा चेहरा स्पष्ट दिसत राहिला. तिने मान वर केली, आणि आई-वडील बसले होते त्या खोलीच्या दाराकडे एकदा पाहिलं.

"परत लावा," कौसल्याबाई म्हणाल्या. त्यांनी परत लावलं. मग आणखी तीनदा.

मला माझी नोंद पूर्ण करायची सवय. निघताना मी विचारलं, शेषराव, लग्न लागलं किती वाजता?

त्यांनी मनगटाकडे पाहिलं, जणू ती वेळ तिथे अजून असेल.

"बघितलंच न्हाई, बाई," ते म्हणाले.