क्राकोव्हच्या हातावर दही

आमच्या कडेगिरीला दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी युरोपातलं एक शहर मुक्कामाला येतं आणि रविवारी संध्याकाळी साडेपाचला परत जातं. बाजार समितीच्या मागचा माळ, गट नंबर चारशे बारा, त्यासाठी राखून ठेवलेला आहे. शहर सकाळी सातच्या आत उतरतं. नदी असेल तर नदीसकट येतं. आपली हवाही बरोबर आणतं, त्यामुळे डिसेंबरात उत्तरेकडचं शहर आलं की कालव्यापलीकडे बर्फ आणि अलीकडे ज्वारी उभी असते. पाटबंधारे खात्याने सुरुवातीला नदीबद्दल हरकत घेतली होती. पण ती आपलं पाणी आपण आणते, इथलं मागत नाही, हे दिसल्यावर हरकत मागे घेतली गेली.

मी उद्धव ढवळे. नगरपालिकेत एकतीस वर्षं बारनिशीला होतो, म्हणजे आलेला आणि गेलेला कागद वहीत चढवायचो. शहरंही मीच चढवायचो. आवक, लिस्बन, एक. जावक, लिस्बन, एक. टपाल एक वेळ गहाळ झालं असेल, पण माझ्या काळात शहर गहाळ झालं नाही. बढाई म्हणून सांगत नाही. वह्या आहेत, कुणीही बघाव्यात.

लोक सुट्टीला महाबळेश्वरला जायचे. आम्ही तिघं, म्हणजे मी, फळवाला इस्माईल बागवान आणि एसटी स्टँडसमोर खानावळ चालवणारी फुला करंदे, हायस्कूलपासूनचे सोबती, पिशवीत कपड्यांचा एक जोड आणि चिवडा घालून कालव्यावरचा पूल ओलांडायचो. अकरा मिनिटं लागायची. जुन्या जकात नाक्यावर चिठ्ठी घेतली की युरोप. माळावर असेपर्यंत सगळ्यांना सगळ्यांचं बोलणं कळतं, हा शहरांबरोबरच्या करारातला सातवा मुद्दा, त्यामुळे भांडायलाही अडचण नव्हती. इस्माईल ब्रुसेल्सच्या बाजारात द्राक्षांवरून भांडला आणि व्हेनिसमध्ये पाण्यात पडला. नेपल्सला पिझ्झा समोर आल्यावर फुला म्हणाली, “भाकरीवरच कालवण वतलंय. ताट धुवायचं वाचलं की रं यांचं.” फुलाचा नवरा लवकर वारला होता. दोन पुरुषांबरोबर शहरं हिंडते, लोक काय म्हणतील, असं तिच्या सासूने एकदा विचारलं. पुढच्या महिन्यात फुलाने सासूला प्रागला नेलं. त्यानंतर सासूने विचारलं नाही, फक्त पुढचं शहर कोणतं एवढंच विचारायची.

काय दिवस होते ते! गुडघे होते, दात होते, आणि सोमवारी सकाळी आपापल्या कामावर उभं राहायची उमेद होती. एकच गोष्ट मनाला लागायची. यादी मोठी असल्यामुळे एकदा आलेलं शहर पुन्हा येत नसे. रविवारी साडेपाचला आम्ही पुलावर उभे राहायचो, आणि माळ पुन्हा माळ व्हायचा.

गेल्या नोव्हेंबरात फुलाने आम्हाला खानावळीत बोलावलं, पिठलं-भाकरी वाढली आणि सांगून टाकलं.

“डिसेंबरातलं शहर जाईल त्याच रविवारी. सहाची सुरत गाडी. पोरीकडं जाते मी, कायमची.”

“येते म्हण,” इस्माईल म्हणाला. “जाते म्हणू नये.”

“खोटं कशाला बोलू? गुडघं गेलं, गिऱ्हाईक गेलं. पोरगी म्हणती, आई, एकटी पडून मरशील तितं. परत यायला हाय काय हितं?”

आम्ही दोघं तिच्यासमोर बसलेलो होतो. हितं काय आहे, असं तिने आमच्या तोंडावर विचारलं होतं. इस्माईलने भाकरी मोडली. मी मीठ मागितलं, पिठल्यात मीठ बरोबर असताना.

फुलाच्या खानावळीची एक रीत होती. तिच्या दारातून प्रवासाला निघालेला माणूस, मग तो भाचा असो की एसटीचा ड्रायव्हर, हातावर चमचाभर दही घेतल्याशिवाय सुटत नसे. दही खाऊन निघालेला माणूस सुखरूप परत येतो, हे सगळ्यांनाच माहीत आहे, पण फुला ते कामासारखं करायची. तिच्या हातचं दही खाऊन गेलेला ड्रायव्हर बदली झाली तरी अर्ज करून परत यायचा. फुलाच्या हातावर मात्र कधी कुणी दही ठेवलं नव्हतं. ती कुठे गेलीच नव्हती. शहरं इकडे यायची.

त्याच आठवड्यात मला नगरपालिकेतून बोलावणं आलं. मुख्याधिकारी देवयानी साखळकर, वयाने माझ्या धाकट्या मुलीएवढ्या, टेबलावर पत्र घेऊन बसल्या होत्या.

“ढवळे काका, क्राकोव्ह पुन्हा यायचं म्हणतंय. पोलंडमधलं. नियमात बसत नाही. शिवाय डिसेंबरला व्हिएन्ना ठरलेलं आहे, आणि दोन शहरं माळावर मावत नाहीत.”

“कारण काय दिलंय?”

त्यांनी पत्र वाचलं. “सन एकोणीसशे अठ्ठ्याऐंशीच्या मुक्कामात, निरोपाच्या वेळी, प्रस्तुत शहरास दही देण्यात आले असल्याने शहरास परत येणे भाग आहे. आजवर सवड न झाल्याबद्दल दिलगीर आहोत.” त्यांनी चष्मा काढला. “दही म्हणजे?”

“दही म्हणजे दही, मॅडम.”

मला तो रविवार लख्ख आठवत होता. क्राकोव्हबरोबर झ्बिग्नेव नावाचे एक कारभारी आले होते, तिशीचे, भरघोस मिशांचे. आम्हाला ते नाव काही झेपलं नाही, म्हणून आम्ही त्यांना झिबूराव म्हणायचो. निघताना त्यांनी हस्तांदोलनासाठी फुलापुढे हात केला. फुलाच्या आयुष्यात निघणाऱ्या माणसाने पुढे केलेल्या हाताचा एकच अर्थ होता. तिने पिशवीतून दह्याचा सट काढला आणि झिबूरावांच्या हातावर चमचाभर दही ठेवलं. त्यांनी दह्याकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं, टोपी काढली आणि दही खाल्लं. ते शहराच्या वतीने आले होते, म्हणजे शहरानेच खाल्लं.

“लेखी पुरावा आहे?” साखळकर मॅडमनी विचारलं.

तळघरातून अठ्ठ्याऐंशीची जावक वही काढायला दोन तास लागले. माझंच अक्षर होतं. जावक, क्राकोव्ह, एक. शेरा, निघताना दही दिले, फुला करंदे यांच्या हस्ते, साखर नव्हती.

मॅडम बराच वेळ शेऱ्यावर बोट ठेवून बसल्या. “मी इथं रुजू व्हायला निघाले तेव्हा आईने दही दिलं होतं,” त्या म्हणाल्या. “मला दर महिन्याला घरी जावंच लागतं. हरकत घेता येणार नाही, काका. मी व्हिएन्नाला जानेवारीचं कळवते.”

व्हिएन्नाने थोडी नाराजी दाखवली, पण कळवल्याप्रमाणे तारीख घेतली.

खरं सांगायचं तर मला ना क्राकोव्हचं पडलं होतं, ना नियमाचं. फुलाने जाऊ नये असं वाटत होतं, आणि ते तिला सांगायचं कसं हे मला पन्नास वर्षांत जमलेलं नव्हतं. पण वहीतल्या त्या ओळीवर बोट ठेवून बसलेल्या मॅडमना पाहून मला मार्ग सुचला. जे शहराला लागू होतं, ते फुलालाही लागू झालं पाहिजे. रविवारी मी तिच्या हातावर दही ठेवणार होतो.

शनिवारी सकाळी आम्ही तिघं पूल ओलांडून गेलो. अकरा मिनिटांची पंचवीस मिनिटं झाली. जायच्या आधी फुलाने खानावळीला कुलूप लावलं आणि विरजणाचं भांडं माझ्या हातात दिलं. “चाळीस वर्षांचं हाय. मोडू नकोस. सुरतला पोरगी पिशवीतलं दही आणती.” मी ते स्वेटरच्या आत धरून नेलं.

क्राकोव्ह होतं तसंच होतं. तो मोठा चौक, ती कबुतरं, गाडीवर कड्यासारखे पाव विकणाऱ्या बाया. चर्चच्या मनोऱ्यावरून दर तासाला तुतारी वाजते आणि सूर मध्येच तुटतो. त्यांच्याकडे तशीच पद्धत आहे. फुला अठ्ठ्याऐंशीतही ओरडली होती आणि आताही मान वर करून ओरडली, “अरं, पुरं कर की!” चौकातल्या चारजणांनी वळून पाहिलं. झिबूराव पुढे आले. मिशा पांढऱ्या झाल्या होत्या, हातात काठी होती.

“उशीर झाला,” ते म्हणाले. “यादी फार मोठी आहे.”

“जेवलाय का?” फुलाने विचारलं.

दुपारी आम्ही अठ्ठ्याऐंशीत जेवलो होतो त्याच तळघरातल्या खानावळीत बसलो. तिथलं ते आंबट सार आलं, राईचं पीठ आंबवून केलेलं, वर उकडलेलं अंडं. इस्माईलने स्वतःचं सॉसेजशिवाय मागितलं. फुलाने पहिला घोट घेतला आणि मागच्या वेळी बोलली होती तेच बोलली, “ही तर आंबीलच की.” मग बटाट्याच्या सारणाच्या उकडलेल्या करंज्या आल्या. ती आत जाऊन स्वयंपाकिणीला कड कशी दुमडायची ते दाखवून आली, आणि तिच्याकडून पारी पातळ लाटायचं शिकून आली. इस्माईलने सुक्या आलुबुखाऱ्याला पास केलं, सफरचंदाला नापास. आम्ही इतके हसलो की शेजारच्या टेबलावरची मंडळीही हसायला लागली. तेवढा वेळ मी सहाची गाडी विसरलो.

संध्याकाळी हॉटेलच्या खोलीत मी दूध तापवून विरजण लावलं आणि इस्माईलला बेत सांगितला.

“उद्या निघताना हातावर ठेवतो. मग तिला यावंच लागेल.”

“तू ठेवणार?” इस्माईल म्हणाला. “तुला चहा नीट करता येत नाही, ढवळ्या.” पण स्वतःची शाल काढून त्याने भांड्याभोवती गुंडाळली.

सकाळी झाकण काढलं. आत दूध होतं. नुसतं दूध. खिडकीबाहेर हातभर बर्फ साचला होता, आणि क्राकोव्हच्या थंडीत चाळीस वर्षांचं विरजणही गारठून बसलं होतं. इस्माईलने भांडं जरा हलवलं. दूध तेवढंच हललं.

“अजून वेळ आहे,” तो म्हणाला.

दिवसभर आम्ही ते भांडं आळीपाळीने स्वेटरात घेऊन फिरलो. नदीकाठी, किल्ल्यावर, बाजारात. फुलाने विचारलं तेव्हा पोट दुखतंय असं मी सांगितलं. पाच वाजता पुन्हा झाकण काढलं. दूध किंचित दाट झालं होतं, पण त्याला दही म्हणणं खोटं झालं असतं, आणि एकतीस वर्षांच्या नोकरीत मी खोटी नोंद केली नाही.

सव्वापाचला पुलाच्या तोंडाशी सगळे जमलो. साखळकर मॅडम वही घेऊन आल्या होत्या. फुलाची ट्रंक हातगाडीवर होती. मी भांडं स्वेटरात धरून उभा होतो आणि मला रडू येत होतं. सत्तराव्या वर्षी, बर्फात, दुधाचं भांडं घेऊन.

झिबूराव फुलापुढे आले. फुला एवढ्या वर्षांत शहाणी झाली होती. परदेशातला माणूस निरोप घेतो तेव्हा हात मिळवतो, हे तिला आता ठाऊक होतं. तिने ऐटीत उजवा हात पुढे केला.

झिबूरावांनी कोटाच्या खिशातून एक छोटी बरणी काढली. त्यांच्याकडे दूध नासवून घट्ट करतात, घराघरांत. त्यांनी चमचाभर काढलं आणि फुलाच्या हातावर ठेवलं.

फुला हाताकडे बघत राहिली.

“हे काय रं उद्धवा?”

“दही आहे,” मी म्हणालो.

“आता ह्ये खायाचं म्हंजे…” ती थांबली. तिच्यापेक्षा जास्त हा नियम कुणाला माहीत होता?

“एक मिनिट,” साखळकर मॅडम म्हणाल्या. “परत यायचं कुठं? क्राकोव्हला की कडेगिरीला? नोंदीसाठी विचारते.”

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी निवृत्त आहे, पण विचारलं तर सांगणं भाग होतं. “दही जिथं दिलं जातं तिथं परत यावं लागतं,” मी म्हणालो. “क्राकोव्हही इथंच आलं. आपण आता गट नंबर चारशे बारावर उभे आहोत. मौजे कडेगिरी.”

“बरोबर,” मॅडम म्हणाल्या आणि लिहून घेतलं.

फुलाने डोळे पुसले, डाव्या हाताने, कारण उजव्यात दही होतं. मग तिने हात तोंडाशी नेला आणि शेवटच्या थेंबापर्यंत खाल्लं. “साखर न्हाई,” ती म्हणाली. साडेपाचला क्राकोव्ह गेलं. सहाला सुरत गाडी गेली. गाडीच्या खिडकीतून ती ओरडली, “येते रं!”

परतताना इस्माईलने बोटांवर हिशेब केला. मग म्हणाला, “क्राकोव्हला यायला छत्तीस वर्षं लागली.”

“हो.”

“आपण सत्तर. म्हणजे एकशे सहा.”

“शहराची यादी मोठी असते,” मी म्हणालो. “माणसाची एवढी नसावी.”

नगरपालिकेच्या वहीत नोंद आहे. जावक, फुला करंदे, एक. शेरा, दही दिले, साखर नव्हती, परत येणे बाकी. त्या विरजणाला कडेगिरीची हवा लागली आणि सोमवारी सकाळी भांड्यात घट्ट दही होतं. तेव्हापासून मी रोज लावतो. कालचं जरा आंबट झालं. फुला आली की बोलेलच.