धुडकूआप्पांचं शेणखत

धुडकूआप्पा शेणखताच्या ढिगात कोपरापर्यंत हात खुपसून डोळे मिटायचे. मग तापलेल्या पोराच्या कपाळावरून काढावा तसा हळूच हात काढून निकाल द्यायचे, "आजून ताप शे त्याले."

आम्ही लोणखेड्यात घर बांधलं तेव्हाची ही गोष्ट. मी कॉलेजात शिकवतो. आप्पा आमचे शेजारी, एकटेच राहायचे. अंगणात नुसती काळी चिकण माती. पावसात चपला गिळायची, उन्हाळ्यात बोट जाईल एवढ्या भेगा. बायकोला फुलझाडं हवी होती. मी गुलाबाची रोपं आणायला निघालो, तर आप्पा गाडीसमोर उभे. "सर, हाई माती शे का शिमीट? पयले कुजेल खत टाका, मंग झाड."

त्यांनी स्वतःच आमच्यासाठी आपल्या परसात ट्रॉलीभर शेण टाकून घेतलं आणि दर आठवड्याला हात घालून बघू लागले. "ताप शे." मी म्हणायचो, "आप्पा, औषध द्या त्याला." ते हसायचे नाहीत. मूठभर खत माझ्या नाकाशी धरायचे. "शेणना वास येस ना? मातीना वास येवाले पायजे." माझ्या साडूंना तर चहाआधी खत हुंगावं लागलं. ते अजून त्या चहाचं नाव काढतात.

वर्ष होत आलं. चिखलाला आणि आप्पांच्या निकालांना मी कंटाळलो. दिवाळीच्या सुट्टीत आप्पा मुलाकडे सुरतला गेले होते. तेवढ्यात मी मुरूम टाकून, दाबून, अंगणभर पेव्हर ब्लॉक बसवून घेतले. अंगण लख्ख झालं.

आप्पा परत आले ते थेट घमेलं घेऊन. "सर, ताप उतरना!" घमेल्यात चहापत्तीसारखं काळं, मोकळं खत. दुसऱ्या हातात तेलाचा डबा, त्यात मोगऱ्याची एक फांदी रुजलेली. अंगण बघून ते फाटकातच थांबले. आमच्याकडे येऊन त्यांची चप्पल त्या दिवशी पहिल्यांदाच स्वच्छ राहिली.

"मन्ही बायकोनी मायेरथीन आनेल मोगरा व्हता," ते म्हणाले. "ती गावले गयी, अन् मी घाईमा ताजं शेण घाली दिधं. आख्खं झाड जयी गयं. येवढी फांदी वाचनी. ती वारनी तवलोंग फूल उनं नही." कच्च्या शेणानं झाड जळालं होतं, आणि बायको जाईपर्यंत उरलेल्या फांदीला फूल आलंच नव्हतं.

आप्पांचं इथलं घर विकायचं मुलानं वर्षापूर्वीच ठरवलं होतं, आता ते विकलंही होतं. आप्पा कायमचे सुरतला निघाले होते, चौथ्या मजल्यावर. जाण्याआधी तो मोगरा त्यांना आमच्या मातीत लावायचा होता. वर्षभराची तयारी त्यासाठी होती, आणि मी कधी विचारलंच नाही.

"चार ब्लॉक उखडतो, आप्पा," मी म्हणालो. अगदी मनापासून म्हणालो. आप्पा डबा माझ्या हाती देऊन सुरतला गेले. मग परीक्षा आल्या, पाहुणे आले, उद्या-परवा करता करता वैशाख आला. डब्यातली फांदी वाळून गेली. मला अजून स्वतःची लाज वाटते.

पावसाळ्यात आप्पांचा फोन आला. "सर, मोगराले फूल उनं का?"

"आलं ना, आप्पा! नुसता घमघमाट आहे."



"आपली मातीमा पयलं वरीस त्याले फूल येत नही, सर," आप्पा म्हणाले. मग माझीच समजूत काढल्यासारखं म्हणाले, "जाऊ द्या. त्यानीबी घाई करी व्हई, मन्हासारखी."