लांबच्या टपरीचं आरोग्यशास्त्र

पन्नाशीनंतर नोकरदार माणसाला दोनच गोष्टी तगवतात: चालणं आणि साहेबाला नावं ठेवणं. पैकी पहिली वैद्यकशास्त्राने मान्य केली आहे. दुसरी विचाराधीन आहे.

खराडीतल्या एका कंपनीच्या हिशेब विभागात संपतराव आणि मंदाकिनीबाईंनी दोन्हींची सांगड घातली होती. रोज दुपारी दोघं चहाला निघत. टपरी दाराशीच होती, पण तिथे सगळं ऑफिस उभं. विक्रमसाहेबांबद्दल बोलायची सोय काय? म्हणून नियम ठरला. साहेबांनी नुसता टोमणा मारला तर कोपऱ्यावरची टपरी, रजा नाकारली तर पुलापलीकडची. (मार्चअखेरीस दोघं पार नदीपर्यंत जात.)

"मेला स्वतः पाचला पळतो आणि आपल्याला म्हणतो, कमिटमेंट दाखवा!" मंदाकिनीबाई म्हणत. परतताना संपतरावांना कसं हलकं हलकं वाटे.

पुढे कंपनीने आरोग्य तपासणी केली. पन्नाशीपुढच्या शंभर टक्के कर्मचाऱ्यांचा (म्हणजे या दोघांचा) रक्तदाब तिशीतल्या पोरांहून चांगला निघाला. एचआरच्या शेफालीमॅडम धावत आल्या. "सर, तुमचं सीक्रेट काय?"

"काही नाही हो, चहाला जरा लांब चालत जातो," संपतराव बेसावधपणे बोलून गेले.

झालं! परिपत्रक निघालं. ज्येष्ठांची चहाफेरी यापुढे अधिकृत उपक्रम समजावी, आणि तिचं नेतृत्व खुद्द विक्रमसाहेब करतील.

आता तिघं चालू लागले. रस्ता तोच, चहा तोच, फक्त विषय उरला नाही.

"ऊन आहे," मंदाकिनीबाई म्हणत.

"आहे खरं," संपतराव म्हणत.

महिनाभरात संपतरावांना रक्तदाबाची गोळी सुरू झाली. (उपाय म्हणून कंपनीने फेरी वाढवली.) बिचारे रडकुंडीला आले. नोकरीत एवढंच काय ते सुख होतं, तेही सरकारजमा झालं.

मग एके दिवशी साहेबांना त्यांच्या बंगळुरूच्या साहेबाचा फोन आला. दुपारी कोपऱ्यावरच्या टपरीशी त्यांनी मागेपुढे पाहिलं आणि हळूच विचारलं, "संपतराव, आज पुलापलीकडे जाऊ या का?"

संपतरावांनी त्यांचा चेहरा निरखला. "पूल कशाला, साहेब? नदीपर्यंतच जाऊ."

पुढच्या महिन्यात डॉक्टरांनी गोळी बंद केली.

तेव्हा वाचकहो, आपल्या हाताखालची मंडळी चहाला लांब जात असतील तर अडवू नका. त्यांच्या ठणठणीत प्रकृतीचं श्रेय सर्वस्वी आपलं आहे. आपण म्हणाल, आमच्या हाताखाली कोणीच नाही. नसेल. पण घरची मंडळी संध्याकाळी फिरायला जातात ना? कुठवर जातात, तेवढं बघून ठेवा.