गंगीचा खण

श्रीधरच्या पिशवीत वर्तमानपत्रात गुंडाळलेला खण सापडला, तेव्हा सुलोचना आधी हरखली आणि लगेच सावध झाली. लग्नाला दोन वर्षं होत आली होती. एवढ्या काळात श्रीधरने आपणहून घरी आणलेल्या वस्तू म्हणजे एक टॉर्च, स्टोव्हची पिन आणि मुलगी झाल्यावर थर्मामीटर. आणि आज हा गर्द हिरवा, लाल काठाचा, पुन्हापुन्हा हात फिरवावा असा खण!

कोणासाठी आणला असेल, हा प्रश्न घरापुरता सोपा होता. घरात बाईमाणूस म्हणजे ती आणि वर्षाची होत आलेली मंजू. घराबाहेर मात्र एक होती. गंगी. पण गंगीला खणाचं काय काम?

गंगी म्हणजे दिग्रसच्या कापसाच्या जिन-प्रेसचा बॉयलर. श्रीधर तिथला इंजिनिअर. पाणी प्यायला लागली की थांबत नाही, म्हणून भट्टीत कोळसा टाकणाऱ्या धनसिंग आगवाल्याने बॉयलरला हे नाव ठेवलं होतं आणि श्रीधरही कौतुकाने तेच म्हणायचा. सुलोचना अमरावतीच्या कॉलेजातून बी. ए. झाली होती. लोखंडी पिंपावर जळणं आपल्याला शोभत नाही, हे तिला पुरतं कळत होतं. कळून उपयोग नव्हता, इतकंच. श्रीधर दारातून आत पाऊल टाकायचा तोच, "आज गंगीनं पाणी जरा कमीच घेतलं बरं का," म्हणत. बायकोने दिवसभरात काय घेतलं, हे त्याने कधी विचारलं नाही. मंजूला ताप भरला तेव्हा सुलोचनाचा जीव थाऱ्यावर नव्हता. श्रीधरने मान तिरपी करून, डोळे बारीक करून पोरीच्या कपाळाला उलटा हात लावला आणि म्हणाला, "उतरेल." अगदी अशीच मान तिरपी करून तो रोज गंगीच्या भट्टीच्या भिंतीला उलटा हात लावायचा. स्वयंपाकघराच्या खिडकीतून तिने कितीदा तरी पाहिलं होतं. मंजूच्या कपाळावर ग्रीसचा डाग पडला, तो वेगळाच.

त्यात शेजारच्या क्वार्टरमध्ये हेडक्लार्कच्या विमलताई. भिंतीवर कोपर टेकून परवाच म्हणाल्या होत्या, "आमचे हे यवतमाळले गेले का रिकाम्या हातानं येतच नाहीत बाप्पा! हा पाहा, नवा खण. तुमचे काई आणत नाहीत व?"

आता आणला होता! पण सुलोचना हुशार. आपल्याला चोळी शिवून टाकली, तर 'मले विचारलं काहून नाही' म्हणायला श्रीधर मोकळा. लेकीला शिवलं तर कोण बोलणार? दुपारीच तिने मशीन काढली आणि संध्याकाळपर्यंत मंजूचं झबलं आणि टोपडं तयार केलं. श्रीधरला सकाळी चकित करायचं होतं. म्हणून उरलेल्या चिंध्या तिने त्याच वर्तमानपत्रात बांधल्या, पुडी फुगीर दिसावी म्हणून मंजूचा एक जुना धुतलेला लंगोट आत कोंबला आणि पुडी पिशवीत होती तशी ठेवून दिली.

श्रीधर आला तो नखशिखांत काजळी माखून. नागपूरहून बॉयलर इन्स्पेक्टर सबनीस साहेब आले होते. वर्षातून एकदा ते येत, थंड बॉयलरच्या पोटात शिरून हातोडीने पत्रा न् पत्रा वाजवून पाहत, पाण्याचा दाब देऊन पाहत, आणि शेवटी आग लावून, वाफ चढवून जादा वाफ बाहेर सोडणारा सेफ्टी व्हॉल्व्ह वेळेवर उडतो की नाही ते तपासत. तो उडला तर सर्टिफिकेट. सर्टिफिकेट नाही तर जिन बंद. गेटाबाहेर कापसाच्या गाड्या येऊन उभ्याही राहिल्या होत्या आणि शेठने श्रीधरला स्वच्छ सांगितलं होतं, की यंदा सीझन उशिरा लागला तर पुढच्या साली इंजिनिअर दुसरा लागेल.

"साहेब आत जाऊन आले," श्रीधर जेवताना म्हणाला. "म्हणाले, आतून इतका निरोगी बॉयलर या भागात पाहिला नाही. गंगीचं वय सांगितलं तर पटेना त्यांना!"

"हो का," सुलोचना म्हणाली आणि भाजीचं पातेलं जरा जोरात ठेवलं. तिच्या तब्येतीकडे बाळंतपणानंतर कोणी पाहिलं नव्हतं.

सकाळी ती मंजूला नटवेपर्यंत श्रीधर पिशवी घेऊन निघूनही गेला होता. सुलोचना मंजूला कडेवर घेऊन खिडकीशी उभी राहिली. आज भट्टी पेटणार, म्हणून तिला धाकधूक होतीच. बॉयलर फुटल्याची बातमी तिने एकदा पेपरात वाचली होती आणि तेव्हापासून वाफेच्या दिवसांत मंजूचा पाळणा ती घराच्या पलीकडच्या भिंतीला लावत असे. पण ऊन चढलं तरी चिमणीतून धुराची रेघ नाही.

"धूर काहून नाई निघून राह्यला व?" विमलताईंनी भिंतीवरून विचारलं.

उत्तर अंगणातून चालत आलं. पुढे धनसिंगची बायको हंसाबाई, हातातली पुडी अंगापासून लांब धरलेली. मागे घामाघूम श्रीधर.

"बाईसाहेब," हंसाबाई म्हणाली, "इन्स्पेक्टर सायबाच्या म्होरं म्या पुडी सोडली. गंगीच्या ओटीत घालाले हात घातला, तं हे निघालं!" आणि तिने चिमटीत धरून लंगोट वर केला. खाली चिंध्या पडल्या. एकीला गळ्याएवढं गोल भोक होतं.

"खण कुठं आहे?" श्रीधर म्हणाला. मग त्याचं लक्ष मंजूकडे गेलं. मंजू टोपड्याचा लाल काठ चघळत होती.

"तो खण ओटीचा होता?" सुलोचनाचा आवाज फार शांत होता.

"अवं, दरसाली पहिली आग लावायच्या आधी आगवाल्यांच्या बायका गंगीची ओटी भरतात. खण इंजिनिअरनं आणायचा, अशी रीतच आहे इथं. मागच्या साली तू बाळंतपणाले माहेरी गेलती."

"आणि माझ्या डोहाळजेवणाला कुठल्या इंजिनिअरनं खण आणला होता?"

"सुलोचना, तो बॉयलर आहे!"

"म्हणून तर! बाई असती तर झिंज्या तरी उपटल्या असत्या!"

विमलताई भिंतीवर आणखी पुढे झुकल्या. श्रीधरने आवाज खाली आणला. "हे पाहा, भांडण रात्री करू. साहेबांची दुपारची एस. टी. आहे. गेले तर पुढची तारीख महिन्यानं. आणि धनसिंग म्हणून राह्यला, का कापलेल्या ओटीवर मी काडी लावत नाही."

"इन्स्पेक्टर साहेब काय म्हणतात?"

"म्हणाले, कायद्यात ओटीबद्दल काही नाही. पण आगवाल्याशिवाय आग लावायचीही सोय कायद्यात नाही. आणि खुर्ची टाकून बसले."

"दुकानातून दुसरा आणा."

"आज बाजार बंद!"

"माझा देऊ का?" विमलताईंनी विचारलं. त्यांच्या आवाजात दया होती आणि ती सुलोचनाला सोसवली नाही. "आमच्या ह्यांनी आणलेला. घडीसुद्धा मोडली नाही."

श्रीधरचा चेहरा उजळला. सुलोचनाचा पेटला. आपल्या नवऱ्याच्या बॉयलरला विमलताईंच्या नवऱ्याचा खण? आणि मग सबंध सीझनभर चिमणीकडे बोट दाखवून विमलताईंनी ते ऐकवायचं?

"काही गरज नाही!" ती म्हणाली. "आमच्या गंगीला आमचा खण आहे."

'आमच्या' हा शब्द तोंडातून गेल्यावर तिलाही जरा चमत्कारिक वाटलं. हंसाबाईला मात्र त्यातून वाट सापडली. "तं मग हेच ठीक हाय, बाईसाहेब. खण गंगीच्या नावानं आला. ज्याच्या अंगावर खण, ते ओटीत बसते. पोरीलेच घालू गंगी याडीच्या ओटीत." याडी म्हणजे तिच्या बोलीत आई.

"माझ्या मुलीला बॉयलरपाशी?" सुलोचनाने मंजूला घट्ट धरलं.

श्रीधर नुसता तिच्याकडे पाहत राहिला. हे असं त्याने बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं. ती पायात चपला घालून निघाली.

बॉयलरखान्याच्या दारात सबनीस साहेब खुर्चीवर बसले होते. सुलोचनाने नमस्कार केला आणि सरळ विचारलं, "साहेब, ही फुटणार तर नाही ना?"

"परीक्षा झाल्यावर सांगता येईल."

"आणि मुलीला परीक्षेच्या आधी बसवायचं?"

"बाई, आग लावलेली नाही. सध्या ती पाण्याची टाकी आहे."

"टाकीसुद्धा गळते," सुलोचना म्हणाली आणि पाहणीला लागली. कोळशाचा ढीग तिने लांब सारायला लावला. भिंतीतून एक खिळा वर आला होता, तो ठोकून घेतला. दाबाच्या घड्याळाचा काटा कुठे गेला की धोका, ते साहेबांकडून दोनदा ऐकलं आणि तिसऱ्यांदा स्वतः म्हणून दाखवलं. मग ती भट्टीच्या बाजूला थबकली. राखेच्या खड्ड्यावर टाकलेली फळी तिने चपलेच्या टोकाने दाबली. फळी कलली.

"हे काय? कोणाचं पोर पडलं तर? आणि मोठं माणूस तरी काय वाचेल?"

सबनीस साहेब उठून आले. त्यांनीही बुटाने फळी दाबली. "इंजिनिअर, हे काल तुम्ही मला दाखवलं नाहीत."

"साहेब, इकडे पोरं येत नसतात," श्रीधर पुटपुटला.

"आज आलं आहे," साहेब म्हणाले. "कठडा आधी, वाफ नंतर."

श्रीधरने बायकोकडे असं पाहिलं, की मघाचं पाहणं व्याजासकट फिटलं. सुतार आला, ठोकाठोक झाली, एस. टी.ची वेळ जवळ सरकत राहिली. मग हंसाबाईने पाट मांडला. मंजूला गंगीच्या पुढ्यात बसवलं, नारळ आणि तांदूळ ठेवले, एक बोट कुंकू गंगीला लावलं आणि दुसरं मंजूला. मंजूने समोरच्या अगडबंब लोखंडाकडे मान वर करून पाहिलं आणि हातातल्या चांदीच्या वाळ्याने त्यावर टण्णकन ठोका दिला.

"माझ्यापेक्षा बरं वाजवते," सबनीस साहेब म्हणाले.

धनसिंगने काडी लावली.

सुलोचना मंजूला घेऊन बरीच लांब, दाराबाहेरच्या निंबाखाली जाऊन उभी राहिली. घरी जायचं तर काट्यावरची नजर कशी काढावी? हळूहळू पाणी तापलं. गंगी आतल्या आत गुणगुणायला लागली, एका सुरात, न थकता. आणि दिवसा कधी डोळ्याला डोळा न लावणारी, पाळणा, ओव्या, बाळघुटी या साऱ्यांना पुरून उरलेली मंजू आईच्या खांद्यावर मान टाकून झोपली.

काटा लाल रेघेकडे निघाला. सुलोचनाला फुटण्याची भीती होतीच, पण आता दुसरीच मोठी झाली होती.

"साहेब!" ती दबक्या आवाजात ओरडली. "तो व्हॉल्व्ह जरा हळू नाही का उडवता येणार? नुकती झोपली हो!"

व्हॉल्व्ह उडाला. वाफेच्या किंकाळीने निंबावरचे कावळे उठले, गेटाबाहेरचे बैल जू ओढायला लागले, आणि विमलताई म्हणे हातातली परात टाकून अंगणात धावल्या. मंजूने ओठ चोखले आणि मान दुसऱ्या बाजूला वळवली.

"पास," सबनीस साहेब म्हणाले. गंगीबद्दल म्हणाले की मंजूबद्दल, ते त्यांनी सांगितलं नाही. त्यांची एस. टी. मात्र चुकली नाही.

बाजार उघडल्यावर श्रीधरने खण आणला. सुलोचनाने पुडी सोडून पाहिली, उलटी करून झटकली.

"एकच आहे ना?"

"एकच. तुझाच."

तिची चोळी शिवून झाली, सीझन जोरात सुरू झाला आणि घरातली खरी पंचाईत तेव्हा कळली. मंजूला आता दुपारची झोप हवी असायची, पण ती गंगीपाशीच. पाळण्यात घातली की खिडकीकडे हात करून रडायची. शेवटी रोज दुपारी सुलोचना नवी चोळी घालून, मंजूला खांद्यावर टाकून बॉयलरखान्याच्या दारातल्या निंबाखाली जायला लागली. जाताना मनात म्हणायची, आधी नवरा नेला, आता पोरगी. पण मंजू तिथे घटकेत झोपायची आणि श्रीधर हात पुसत येऊन, जेवलीस का, असं विचारून जायचा.

विमलताई हे भिंतीवरून बघत होत्या. एके दिवशी त्यांना राहवलं नाही. "बाप्पा! रोज दुपारी नवऱ्याले भेटाले जाणं होते! आमच्या ह्यांले तं मी कचेरीच्या दारात दिसलेली चालत नाही." त्यांच्या आवाजात आज दया नव्हती. काहीतरी दुसरं होतं. सुलोचनाला ते अगदी ओळखीचं वाटलं.

ती गोड हसली. खरं काय ते सांगितलं नाही.

दुपारी मंजू झोपल्यावर तिने कठड्याबाहेरून हात लांब केला, मान तिरपी केली आणि भट्टीच्या भिंतीला उलटा हात लावला.

"धनसिंग," ती म्हणाली, "गंगीनं आज पाणी कमी घेतलं का रे?"