सबनीसकाकांची कोमट बियर

कोपऱ्यावरच्या कोनबिनीत, म्हणजे चोवीस तास उघड्या असणाऱ्या छोट्या दुकानात, जेवणाचा डबा घेतला की काउंटरवरची मुलगी अदबीने विचारते, गरम करून देऊ का? सबनीसकाका डब्याऐवजी बियरचा कॅन पुढे सरकवतात. ती बिचारी कमरेत वाकून माफी मागते. काका समाधानाने बाहेर पडतात.

टोकियोतल्या निशी-कसाईत आमच्याच बिल्डिंगमध्ये ते राहतात. मूळचे पुण्याचे, सॉफ्टवेअरमधून निवृत्त झालेले, काकू गेल्यापासून एकटे. गार बियर हा त्यांच्या मते जिभेचा अपमान. "बधीर जिभेला काय कळणार? उद्या श्रीखंडातही बर्फ घालाल." आमच्याकडे जेवायला आले की ग्लास तळव्यांत धरून बसतात. आमचं जेवण उरकत येतं तेव्हा त्यांचा पहिला घोट होतो.

दर शनिवारी मात्र ते ट्रेनने चिबाच्या किनाऱ्यावरच्या एका गावात जातात. तिथे मोरीसान नावाच्या म्हाताऱ्या गृहस्थांचा छोटासा पब आहे. त्यांच्याकडे पिंपातच मुरणारी, रिअल एल नावाची बियर मिळते. वरून गॅस नाही, बर्फ नाही. मोरीसान हातपंपाचा दांडा ओढतात आणि बियर सावकाश ग्लासात उतरते.

जानेवारीत काका आमच्या दाराशी उभे राहिले. पिंप उघडलं की तीन-चार दिवसांत संपवावं लागतं, थंडीत त्या गावात कुणी फिरकत नाही, म्हणून मोरीसान एल बंदच करायचं म्हणताहेत, असं त्यांनी सांगितलं.

"तेव्हा चला. पिंपाला माणसं पाहिजेत."

मी, माझी बायको मुग्धा आणि ऑफिसातले दोघे, असे गेलो. पहिला घोट मला सरळ काढ्यासारखा लागला. काका माझ्या तोंडाकडे बघत होते. "दम धरा," म्हणाले. दुसऱ्या ग्लासाला माझी तक्रार संपली.

अशी बियर टोकियोतही मिळते की, मग एवढ्या लांब कशाला, असं मुग्धाने विचारलं.

"मिळते ना. पण तिथे मी एखाद्या शनिवारी गेलो नाही, तर कुणाला कळणार?" एवढं बोलून काका समुद्र बघायला बाहेर गेले.

मुग्धाचं जपानी चांगलं आहे. मोरीसान तिच्याशी बोलू लागले. आम्ही जपानला यायच्या आधी एका शनिवारी सबनीससान आले नाहीत. फोनही उचलेनात. त्यांनी पाठवलेल्या नववर्षाच्या कार्डावर पत्ता होता. मोरीसाननी पब बंद केला आणि ट्रेन पकडली. काकांनी दार उघडलं ते भिंतीला धरून, तापाने फणफणलेले. मोरीसाननी त्यांना दवाखान्यात नेऊन आणलं, भाताची पेज करून भरवली. ऑगस्टातला शनिवार होता तो. समुद्रावर माणसं मावत नव्हती आणि पबला कुलूप होतं.

काका परत आले. एवढा वेळ मुग्धा संत्र्याच्या ज्यूसवर होती, तिला बियरचा वासही सहन होत नाही. तिने मोरीसानना आपल्यासाठी एक ग्लास एल ओढायला सांगितली.