पहिल्या यादीतली दोन विमानं

देशातल्या विमान कंपन्यांची वर्षाची उलाढाल बघून त्यांच्या मोठी, मधली आणि लहान अशा तीन याद्या करायच्या, एवढंच सरकारी कचेरीतलं तिचं काम. नोकरीत कायम होण्याआधीची तिची ही पहिलीच यादी होती. सकाळी कंपन्यांच्या हाती पत्रं पडली आणि अकराला एका कंपनीच्या मालकांचा फोन आला.

"बाई, आम्ही पहिल्या यादीत?"

"हो. अभिनंदन!"

"अभिनंदन कसलं डोंबलाचं! आमची विमानं दोन, त्यातलं एक दुरुस्तीला. हरवलेल्या बॅगांचा तक्ता दरमहा कुठून पाठवू? बॅगा माझी बायको चढवते. तिच्या हातून हरवल्या असं लेखी देऊ म्हणता? घरी जायचंय मला!"

मोठ्यांच्या यादीत आलं की उशीर आणि हरवलेलं सामान दरमहा कळवावं लागे. तिनं घाईनं त्या कंपनीचा अर्ज काढला. उलाढालीचा आकडा हजारांत लिहायचा होता. मालकांनी तो पूर्ण रुपयांत लिहून टाकला होता. तीन शून्यं जादा, आणि तिनं ती तशीच उतरवली होती.

साहेबांचा पारा चढला. "दोन विमानांची एवढी उलाढाल? चंद्रावर नेतात की काय माणसं? तीनला यादी वर जाणार. कायम व्हायचंय ना तुला? जुने अर्ज आण!"

जुने अर्ज खालच्या खणात होते. सहा महिन्यांपूर्वी वारले, तोपर्यंत या टेबलावर तिचे बाबा बसत. तो खण तिनं अजून उघडला नव्हता. आता उघडला. दर वर्षीच्या अर्जाला बाबांच्या अक्षरातली एक चिठ्ठी टाचलेली होती: "तीन शून्यं जादा. फोन केला." सगळ्यात जुनी जरा लांब होती: "यादी छापून गेली. तपासणी नव्या साहेबांची. नवे आहेत, चूक माझ्या नावावर घेतली."

साहेबांनी ती चिठ्ठी दोनदा वाचली. चष्मा पुसला.

"ते नवे साहेब म्हणजे मीच. दुरुस्त यादी आण. सही करतो," ते म्हणाले. "आणि कायम होण्याचा कागदही घेऊन ये."

तिनं मालकांना फोन लावला. "तुम्ही तिसऱ्या यादीत आहात."

"सुटलो बाई! दरवर्षी एक गृहस्थ अर्ज पोचला की लगेच फोन करायचे. यंदा तो फोन आला नाही."

"बाबा होते माझे."

पलीकडचा आवाज हळू झाला. "मग पुढच्या वर्षी तुम्ही कराल ना?"

"तुम्ही शून्यं कमी लिहा की!"

"ते काही जमायचं नाही."

ती हसली. किती दिवसांनी, ते तिनं मोजलं नाही. चिठ्ठी लिहिली, अर्जाला टाचली आणि खण लावून घेतला.